कपाटातला पाय

गुरुवार, जुलैचा पहिला आठवडा, संध्याकाळचे साडेसहा. हजर : राइस मिल चालवणारे आमचे अध्यक्ष, जनावरांचे निवृत्त डॉक्टर, वनखात्यातून राउंड ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले भाऊ, शिवणवर्ग चालवणाऱ्या ताई, दोन नवे सभासद आणि मी, सचिव. बाकीचे गैरहजर. कारण सगळ्यांचं एकच, पाऊस.

एवढं वहीत लिहून मी पेन खाली ठेवलं. एरवी हजेरीच्या खाली ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले’ हे वाक्य मी लगेच लिहून टाकते. वाचायच्या आधीच लिहिते, कारण मी सचिव झाल्यापासून ते कायम झालं नाही असं एकदाही घडलेलं नाही. त्या दिवशी ते लिहवेना. समोरच्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात, जुन्या चादरीत गुंडाळलेले चौदा पाय होते. त्यातला एक, डावा, गुडघ्याखालचा, तिथे एक दिवसही राहायला नको होता. महिना झाला होता. आणि तो तिथे माझ्यामुळे होता.

गडचिरोलीतला आमचा सेवा क्लब लहान आहे. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर गुरुवारी बैठक. अध्यक्ष पितळी घंटा वाजवतात, मग आनंदाची बातमी सांगायची फेरी होते. कोणाच्या मुलीचा निकाल, कोणाचं नवीन घर. डॉक्टरांची बातमी बहुधा कुणाच्या तरी म्हशीची असते. मग कामाचे विषय, मग ज्याची पाळी असेल त्याच्या घरचा नाश्ता. बसस्टँडजवळ माझं स्टेशनरीचं दुकान आहे आणि मागे छोटी प्रेस. मला याद्या करायची सवय दुकानामुळे लागली की यादीच्या सवयीमुळे दुकान चाललं, ते सांगता येणार नाही. नाश्त्याच्या पाळ्यांची यादी माझी, खुर्च्यांची माझी, कोणाला कोणती चटणी चालत नाही तीही माझी. “बाईच्या यादीत नाव नाई त तो माणूस जन्मलाच नाई समजा,” असं डॉक्टर नव्या सभासदांना पहिल्याच दिवशी सांगतात.

मार्चमध्ये आम्ही कृत्रिम पायांचं माप घेण्याचं शिबिर केलं. चंद्रपूरहून पाय बनवणारा कारागीर प्लास्टरच्या पट्ट्या घेऊन आला. ताईंच्या शिवणवर्गात मशिनी बाजूला सरकवून जागा केली. चौदा जणांची मापं झाली. तेरा जण जवळपासचे होते. एक बाई भामरागडच्याही पलीकडून, भावासोबत, आदल्या दिवशीच्या बसने आली होती आणि रात्रभर शिवणवर्गातच झोपली होती. वय तिशीच्या आसपास. दीड वर्षापूर्वी जंगलात बांबू तोडलेल्या जागी तिच्या पायात खुंट घुसला, जखम चिघळली आणि गुडघ्याखाली पाय कापावा लागला. त्याआधी ती आश्रमशाळेत स्वयंपाकाला होती. तेव्हापासून तिची भावजय तिच्या जागी जाऊन भाकरी-भात रांधत होती आणि मुख्याध्यापकांनी तेवढं चालवून घेतलं होतं. पण नव्या सत्रात भावजयीचं बाळंतपण होतं. तेव्हा हिने स्वतः येऊन चुलीसमोर उभं राहायचं, नाहीतर दुसरी बाई ठेवायची, असं त्यांनी सांगितलं होतं. हे सगळं तिने मला प्लास्टर सुकेपर्यंत सांगितलं. घरी माडिया बोलणारी बाई, मराठी थोडी अडखळत, पण एकेक शब्द नेमका.

“दोन घंटे उभं राहता येईन का जी?” तिने कारागिराला विचारलं.

“दोन कायले? आठ घंटे रहा.”

“मंग झालं,” ती म्हणाली. ‘आश्रमशाळा, स्वयंपाक, सत्र सुरू होण्याआधी’ असं मी तिच्या नावापुढे लिहून घेतलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात टेम्पोने चौदा पाय आले. प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. कारागीर फोनवर म्हणाला, लोकांना बोलवा, मी येतो, एकेकाला बसवून द्यायला अर्धा तास लागतो. त्याच गुरुवारी मी बैठकीत सुचवलं की वाटप एकाच दिवशी, एकाच ठिकाणी करावं. कारागिराची एकच फेरी, एकच सभागृह, एकच यादी. सगळ्यांना पटलं. मीच मांडलं आणि मीच लिहिलं.

आमच्याकडे काहीही द्यायचं तर कार्यक्रम होतो. बॅनर, शाल-श्रीफळ, पाहुणे, फोटो. हा नुसता मिरवण्याचा सोस नाही. तो फोटो आमच्या वरच्या कार्यालयात जातो, त्यावरून अहवाल होतो आणि अहवालावरून पुढचं शिबिर मिळतं. पण खरं सांगायचं तर आता ती सवयच झाली आहे. एका वर्षी पाहुण्यांची तारीख मिळेना म्हणून आम्ही ब्लँकेटं संक्रांत उलटून गेल्यावर वाटली होती. थंडी ओसरली होती. त्यावर आम्ही हसलो होतो आणि पुढच्या वर्षीही पाहुण्यांचीच वाट पाहिली होती.

या वेळच्या पाहुण्यांनी आधी जूनचा दुसरा आठवडा दिला. मग तिसरा. मग कळवतो म्हणाले. तोवर मी बॅनर छापून ठेवलं होतं, तारखेची जागा कोरी ठेवून.

त्या बाईचा पहिला फोन पाय आल्यानंतर चार दिवसांनी आला. तिच्या गावात नेटवर्क नाही. टेकडीवर चढून लावावा लागतो. म्हणजे एक कुबडी घेऊन चढून.

“बाई, पाय आला का जी?”

“कार्यक्रमाची तारीख ठरली की कळवते,” मी म्हटलं.

“बरं जी.”

मी खोटं बोलले नव्हते. तिच्या प्रश्नाचं उत्तरही दिलं नव्हतं. दुसऱ्यांदा तिने विचारलं तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा तिच्या भावाचा फोन आला की शाळा उघडली. भावजय माहेरी गेली आहे. सध्या शिपाई आणि एक शिक्षिका मिळून रांधतात, आणि हेडमास्तरांनी पुढच्याच्या पुढच्या सोमवारपर्यंत थांबतो म्हणून सांगितलं आहे. त्यानंतर दुसरी बाई. हा फोन बुधवारचा. त्याच दिवशी दुपारपासून पाऊस लागला आणि एसटी आल्लापल्लीच्या पुढे जाईनाशी झाली.

म्हणून गुरुवारी घंटा वाजली, आनंदाची बातमी विचारली गेली, आणि मी आनंदाची बातमी नाही म्हणून उभी राहिले. बसवत नव्हतंच. तासाभरात मी चारदा खिडकीशी जाऊन आले होते.

“कार्यक्रम रद्द करा,” मी म्हटलं. “पाय देऊन टाकू.”

“असं कसं रद्द?” अध्यक्ष म्हणाले. “पाहुणे या महिन्यात नक्की म्हणून राह्यले. बॅनरबी छापून झालं.”

“माझ्याच प्रेसमध्ये छापलं. मीच फाडते.”

“बाई आज गरम आहे भाऊ,” डॉक्टर भाऊंना म्हणाले. “आलुबोंडे आधी आणा.”

मी तिच्या भावाचा फोन सांगितला. सोमवार सांगितला. नव्या सभासदांपैकी एकाने मोबाईल उलटा करून ठेवला.

मग अध्यक्ष म्हणाले, आवाज न चढवता, “पण बाई, एकाच दिवशी वाटू हे तुम्हीच म्हटलं होतं. माह्या ध्यानात आहे.”

मी वही मागे उलटली आणि वाचून दाखवलं. सूचक : सचिव. अनुमोदक : अध्यक्ष. सर्वानुमते मंजूर. अक्षर माझं, वळणदार, खाडाखोड नाही.

“मले कोणालेच दोष द्यायचा नाई,” ताई म्हणाल्या. “पण आता काय करता ते सांगा. उद्या निघता?”

उद्या निघता येत नव्हतं. कारागिराला मी दुपारीच विचारलं होतं. तो फक्त शनिवार-रविवार मोकळा. म्हणजे एक दिवस इथले तेरा जण, एक दिवस ती. आणि रस्ता बंद.

“भाऊ, रस्त्याचं तुम्ही सांगा,” अध्यक्ष म्हणाले.

भाऊंनी त्या रस्त्यावर नोकरीची बरीच वर्षं काढली आहेत. ते घाईने बोलत नाहीत. “आल्लापल्लीच्या पुढं दोन नाले आहेत. नाल्याचं पाणी चढते तसं उतरते. पाऊस पाच-सहा घंटे थांबला त गाडी निघते. नाई थांबला त मंग नाई.”

“म्हणजे काय सांगितलं तुम्ही?” डॉक्टर म्हणाले.

“जाऊन पाहा लागते, हे सांगितलं.”

“मंग आधी इथले तेरा करून घ्या,” डॉक्टर म्हणाले. “तेरा पक्के आहेत, एक कच्चा. मी जनावरांचा डॉक्टर, पण हिशेब त तोच राहते.”

“तुम्ही चार पायवाल्यांचं पाहा जी,” ताई म्हणाल्या. “दोन पायवाल्यांचं आमच्यावर सोडा. त्या तेरा जणांची नोकरी जाऊन नाई राह्यली. ते रविवारी येतीन, न रागावता येतीन. शनिवार तिच्या नावावर करा.”

डॉक्टर हसले आणि हात वर केला. सगळ्यांचेच हात वर झाले. ठराव झाला. आलुबोंडे आले, पण कोणी चवीने खाल्ले नाहीत. मी उभ्याउभ्या यादी केली : कारागीर, त्याची हत्यारांची पेटी, भाऊंची जीप, पाय, कापडी मोजे, टॉर्च, प्यायचं पाणी. तिचा भाऊ संध्याकाळी फोनसाठी टेकडीवर येतो, त्या वेळी भाऊंनी त्याला कळवलं की शनिवारी अकरापर्यंत नाल्यापाशी या. गाडी पलीकडे आली तर तुम्हाला तिथेच भेटू, पुढे शाळेत जाऊ.

शुक्रवारी मी दुकानात बसले नाही, फक्त फिरत राहिले. कोऱ्या वह्यांचे गठ्ठे एका फळीवरून दुसऱ्या फळीवर केले. फोनवर पावसाचा अंदाज पाहिला, पाच मिनिटांनी पुन्हा पाहिला. दुपारी उघडीप होती. संध्याकाळी पुन्हा लागला.

शनिवारी पहाटे निघालो. चामोर्शी, आष्टी, आल्लापल्ली. भाऊ जीप चालवत होते, कारागीर मागे पेटी धरून बसला होता आणि पाय माझ्या मांडीवर होता. आल्लापल्लीला चहा घेतला तेव्हा पाऊस थांबला होता. “पाहा,” भाऊ म्हणाले, एवढंच. पहिला नाला पार झाला. चाकं अर्धी बुडाली, पण झाला. दुसऱ्या नाल्याच्या अलीकडे ट्रक, दोन प्रवासी जीपा आणि मोटरसायकलींची रांग उभी होती. लोक छत्र्या मिटून काठावर बसले होते. पुलाचे कठडे दिसत नव्हते. लाल पाणी आणि त्यातून जाणाऱ्या फांद्या, एवढंच.

पलीकडेही माणसं होती. मी दोनदा नजर फिरवली आणि मला ती दिसली. मोटरसायकलला टेकून उभी होती, काखेत कुबडी, शेजारी तिचा भाऊ. तिने नेसत्या लुगड्यावर धुतलेला पांढरा रुमाल खांद्यावर घेतला होता, सभेला जाताना बाया घेतात तसा. मधे फारतर दोन बसगाड्या उभ्या राहतील एवढं पाणी होतं. मी हाक मारली, पण पाण्याच्या आवाजात ती मलाच ऐकू आली नाही. फोनला नेटवर्क नव्हतं.

मग मी चादर सोडली आणि पाय दोन्ही हातांनी वर धरला. का धरला ते मला नीट सांगता येणार नाही. आम्ही आलोय, आणलाय, हे तिला कळावं म्हणून असेल. काठावरचे लोक माझ्याकडे पाहू लागले. एकाने विचारलं, “काय आहे जी ते?” त्याच्या शेजारच्याने सांगितलं, “पाय आहे, दिसून नाई राह्यला?” ती पलीकडून बराच वेळ बघत होती. तिने हात हलवला नाही. मग मान एकदा हलवली.

भाऊंनी काठावर एक काडी रोवली. तासाभराने पाणी काडीपासून चार बोटं खाली गेलं. मी घड्याळ, काडी, आभाळ असं पाहत येरझारा घालत राहिले. “बाई, तुम्ही चालल्यानं पाणी नाई उतरत,” भाऊ म्हणाले. दीड वाजता वरच्या बाजूला कुठेतरी पाऊस झाला असणार, कारण इथे थेंब नसताना पाणी पुन्हा काडीला लागलं आणि पाहता पाहता काडी दिसेनाशी झाली.

“इथल्या वननाक्यावर माझी ओळख आहे,” भाऊ म्हणाले. “पाय ठेवून देऊ. पाणी उतरलं की तिचा भाऊ घेऊन जाईन.”

कारागिराने मान हलवली. “नुसता पाय देऊन काय करता? मार्चमधलं माप आहे. कापलेला पाय तेवढाच राहत नाही, सुकते, बारीक होते. मी बसवून, पट्टा लावून, चालवून पाह्यलं पाहिजे. असाच घालून ती दीडशे लेकरांचा भात रांधाले उभी राह्यली त घासून जखम होईन. मंग जो गुडघा आहे तोबी जाईन.”

“आणि महिन्याआधी?” मी विचारलं.

“महिन्याआधी त मी बसवूनच दिला असता,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

तीन वाजता आम्हाला निघावं लागलं. रविवारी तेरा जण येणार होते आणि पहिला नालाही मागे चढत होता. मी पाय पुन्हा चादरीत गुंडाळला. ती अजून उभी होती. मोटरसायकलवर बसली नव्हती.

संध्याकाळी आष्टीच्या अलीकडे फोन वाजला. तिच्या भावाचा नंबर, पण ती बोलत होती. आवाज स्वच्छ होता.

“बाई, तुम्ही आले, बरं वाटलं.”

“पुढच्या शुक्रवारी पुन्हा येते. कारागीर सुट्टी टाकून येतो म्हणाला आहे.”

“हो जी,” ती म्हणाली. “तो पाय त पूरा बनून होता. चिठ्ठीबी बांधून होती. कवा बनून आला होता जी?”

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे.

“आवाज तुटतोय,” मी म्हटलं. “ऐकू येत नाही. नंतर लावते.” आणि फोन बंद केला.

रविवारी तेरा जणांना पाय बसले. कार्यक्रम नाही, बॅनर नाही, ताईंच्या घरचा आलुभात. अध्यक्ष स्वतः खुर्च्या उचलत होते. एक म्हातारे बाबा शिवणवर्गाच्या दारापासून वाचनालयाच्या फाटकापर्यंत चालत गेले आणि परत यायलाच तयार होईनात. सगळे हसले. मीही हसले, पण माझं लक्ष कपाटाकडे होतं. त्या कप्प्यात आता एकच गाठोडं राहिलं होतं.

सोमवारी सकाळी मी मुख्याध्यापकांना फोन केला. ते वाईट माणूस नाहीत. “मॅडम, मला तिलाच ठेवायचं आहे. पण दीडशे लेकरं दोन वेळा जेवतात. शिक्षिका फळा सोडून चुलीवर आहे. पुढच्या सोमवारनंतर मला वरून विचारणा होईल.” मी म्हटलं, शुक्रवारी पाय बसेल, दोन दिवस चालायचा सराव, सोमवारी ती उभी असेल. “नाला?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, भाऊ म्हणतात उतरते. मग मी क्लबच्या लेटरहेडवर एक पत्र लिहिलं. पाय जूनमध्येच तयार होता, उशीर संस्थेमुळे झाला, संबंधित महिलेची त्यात चूक नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं. अध्यक्षांनी एक शब्द न बदलता सही केली. “खरं आहे ते खरं आहे,” म्हणाले. त्याचा फोटो मुख्याध्यापकांना पाठवला. त्यांनी ते वर दाखवतो म्हणून कळवलं.

म्हणजे मुख्याध्यापकांना सांगून झालं. अध्यक्षांना, कारागिराला, भाऊंना, बैठकीतल्या सगळ्यांना माहीत आहे. आज बुधवार आहे, पाऊस थोडा कमी आहे, भाऊंनी जीपचं ब्रेक ऑईल बदलून घेतलं आहे. उद्या बैठक, परवा पहाटे निघायचं. मंगळवारी दोनदा आणि आज एकदा तिच्या भावाचा नंबर लावायला घेतला. एकदा रिंग गेली आणि मीच बंद केला. आता ते टेकडीवर असण्याची वेळ होत आली आहे. ‘पाय जूनच्या पहिल्या आठवड्यात आला होता, मी थांबवून ठेवला’ एवढंच वाक्य आहे. तिला ते अजून सांगायचं आहे.